पल्सरचे दोन्ही स्पार्क प्लग घरच्या घरी कसे बदलायचे, आणि हेडचे आटे कसे वाचवायचे

माझ्याकडे पल्सर १५० आहे, डीटीएसआय, जुनी कार्बोरेटरवाली. तिचे प्लग मी गेली कित्येक वर्षं घरीच बदलतोय, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी गाडी थंड असते तेव्हा. काम अर्ध्या तासाचं आहे, पहिल्यांदा करणाऱ्याला तास लागेल, आणि त्यात अवघड असं फारसं काही नाही. फक्त एकच गोष्ट अशी आहे की ती चुकली तर फार महागात पडतं, आणि ती नीट सांगता यावी म्हणूनच हे सगळं लिहितोय.

ती गोष्ट म्हणजे हेडचे आटे. प्लग लोखंडाचा असतो आणि तो ज्यात बसतो ते हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं असतं, त्यामुळे प्लग तिरका घुसला किंवा जास्त आवळला तर प्लगला काही होत नाही, आटे हेडचे जातात. माझ्या गाडीचे असेच गेले होते. एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती, तिथल्या पोराने प्लग हाताने न लावता थेट पान्यात घालून फिरवला, मी शेजारीच उभा होतो पण तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढच्या वेळी प्लग काढला तर त्याच्या आट्यांमध्ये चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळून बाहेर आली. ती तार म्हणजे हेडचे आटे होते. मग हेड उतरवलं, लेथवाल्याकडे नेऊन बुश, म्हणजे नव्या आट्यांची धातूची नळी, मारून घेतला, परत बसवलं, गाडी तीन दिवस उभी, आणि खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट. शे-सव्वाशेच्या प्लगपायी. तेव्हापासून प्लगला दुसऱ्या कोणाचा हात लावू देत नाही.

दोन प्लग का असतात ते आधी थोडक्यात

डीटीएसआय म्हणजे डिजिटल ट्विन स्पार्क इग्निशन. एकाच सिलिंडरला दोन बाजूंनी दोन प्लग, त्यामुळे पेट्रोल-हवेचं मिश्रण दोन्हीकडून पेटतं आणि लवकर, पूर्ण जळतं. पल्सरमध्ये हे २००३ पासून आलं. नंतरच्या एनएस २०० ला तर तीन प्लग आहेत. स्प्लेंडरसारख्या गाडीला एकच.

आता यातली गोम अशी आहे की एक प्लगवाल्या गाडीचा प्लग गेला तर गाडी जागेवर बंद पडते, लगेच कळतं. पल्सरचा एक प्लग मेला तर गाडी दुसऱ्यावर चालत राहते. पिकअप जरा कमी वाटतो, ॲव्हरेज पाच-सात किलोमीटरने पडतं, सकाळी सेल मारायला दोन वेळा जास्त लागतो, आणि आपण म्हणतो पेट्रोल खराब असेल, चेन सैल असेल, गाडी जुनी झाली. माझ्या मित्राने अशी गाडी अख्खा पावसाळा एका प्लगवर चालवली, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला, आणि प्लग फक्त समोर दिसणारा बदलला, कारण दुसराही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणून बदलायचे तर दोन्ही एकदम बदला, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे.

कधी बदलायचे? मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचं टेबल असतं, आधी ते बघा. साधे निकेलचे प्लग असतील तर मी दहा हजार किलोमीटरला बदलून टाकतो, गाडी ठीक चालत असली तरी. इरिडियमचे जास्त टिकतात पण महाग असतात, आणि माझ्या मते या इंजिनला साधे चांगल्या कंपनीचे प्लग पुरतात.

काय काय लागेल

- गाडीचं मॅन्युअल, म्हणजे ओनर्स मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून मिळतं का बघा. प्लगचा नंबर आणि गॅप (ठिणगी उडते त्या दोन टोकांमधलं, म्हणजे इलेक्ट्रोडमधलं अंतर) यातूनच घ्यायचा.
- दोन नवे प्लग.
- प्लग पाना. गाडीच्या टूलकिटमध्ये पाइपासारखा येतो, त्यात आडवी दांडी घालून फिरवायचा. १० मिमी आट्याच्या प्लगला साधारणपणे १६ मिमीचा पाना लागतो. टूलकिटमधला वाकडा किंवा घासलेला असेल तर नवा घ्या, आत रबर असलेला मिळाला तर उत्तम, प्लग त्यात धरून राहतो.
- फिलर गेज. हार्डवेअरच्या किंवा स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो, पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो.
- पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसेल असा. याचं काम पुढे सांगतो, सगळ्या सामानात मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो.
- सायकलचा पंप, जुना टूथब्रश, धागे न सुटणारं स्वच्छ फडकं, आणि उजेडासाठी मोबाइल.
- टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर छान, नसेल तर अडत नाही.

१. प्लग घेताना नंबर बघून घ्या

दुकानात जाऊन "पल्सरचा प्लग द्या" एवढंच म्हटलं की तो हाताला लागेल तो देतो. मॅन्युअलमधला नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून न्या आणि जुना प्लगही सोबत असला तर आट्याची लांबी शेजारी धरून ताडून बघा. लांब आट्याचा प्लग बसला तर आत पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो, आणि आखूड बसला तर उघड्या राहिलेल्या आट्यांमध्ये कार्बन भरतो.

नंबर वाचायला थोडं शिकलात तर कोणी फसवू शकत नाही. एनजीकेच्या नंबरात सुरुवातीला सी असेल तर आटा १० मिमीचा, डी असेल तर १२, बी असेल तर १४. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. हा आर महत्त्वाचा, कारण डिजिटल मीटर आणि सीडीआय (ठिणगी कधी पाडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) यांना प्लगच्या ठिणगीचा त्रास होऊ नये म्हणून तो दिलेला असतो, तेव्हा आरवाल्या जागी बिनआरचा लावू नका. मधला आकडा उष्णतेचा: एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये बरोब्बर उलटं, आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. त्यामुळे एका कंपनीचा सात बघून दुसऱ्या कंपनीचा सात उचलायचा नाही.

डुप्लिकेट प्लग बाजारात भरपूर आहेत. मी पुण्यात नाना पेठेतून घेतो, तिथे स्पेअरपार्टची दुकानं रांगेने आहेत, पण तिथेही पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच. घेताना डबी उघडून बघा: अक्षरं पुसट आहेत का, वरचा वाकडा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर आहे का, आणि वायसर. चांगल्या प्लगचा वायसर आट्यांवरून सहज निघून येत नाही. बोटाने ढकलला आणि हातात आला तर प्लग परत करा.

२. गाडी थंड होऊ द्या

गाडी फिरवून आणल्यावर लगेच प्लगला हात लावायचा नाही. हात भाजेल हे तर आहेच, पण गरम ॲल्युमिनियम नरम असतं आणि आटे सोलवटतात ते अशाच वेळी. मी रात्री गाडी लावून सकाळी काम करतो. मेन स्टँडवर घ्या, चावी काढून खिशात ठेवा, पेट्रोलचा कॉक बंद करा.

३. प्लगच्या आजूबाजूची घाण आधी काढा

पल्सरच्या दोन प्लगांपैकी एक समोर उघडा दिसतो, त्याच्या खाचेत चिखल आणि वाळू साठते. दुसरा टायमिंग चेनच्या बाजूला खोल नळीत बसलेला असतो. वरून काहीच दिसत नाही, टॉर्च मारावी लागते.

कॅप, म्हणजे प्लगच्या डोक्यावर बसणारी वायरची टोपी, काढायच्या आधी भोवतालची धूळ ब्रशने झाडा. मग कॅप. ती वायर धरून ओढायची नाही, आतली तार तुटते आणि मग गाडी कधी चालते कधी नाही असा ताप मागे लागतो. कॅपलाच धरा, थोडी डावी-उजवीकडे फिरवा, चिकटलेलं रबर सुटलं की सरळ वर ओढा. मग सायकलच्या पंपाने खाचेत जोरात हवा मारा, डोळे बाजूला करून. शेजारी पंक्चरवाला असेल तर त्याच्याकडे कॉम्प्रेसरची हवा आणखी बरी. हे सगळं करायचं कारण एवढंच की प्लग निघाल्यावर ते भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं, आणि वाळूचा एक खडा आत गेला तर तो पिस्टनसोबत वरखाली होऊन सिलिंडरला चरे पाडतो.

खोल नळीत टॉर्च मारल्यावर तळाला काळं ऑइल दिसलं तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्या नळीची ओ-रिंग, म्हणजे सीलची रबरी कडी, कडक झाली की आतलं ऑइल झिरपून प्लगभोवती साठतं, कॅपचं रबर फुगतं आणि ठिणगी बाहेरच्या बाहेर उडून जाते. काडीला फडकं गुंडाळून ऑइल टिपून घ्या, प्लग बदला, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ती ओ-रिंग बदलायला सांगा. साधं पाणी दिसलं तर ते गाडी धुताना प्रेशरने गेलेलं असतं, पुसून घेतलं की झालं.

४. जुना प्लग काढा, एका वेळी एकच

पाना प्लगवर पूर्ण खाली बसू द्या. अर्धवट बसलेला पाना तिरका होतो आणि प्लगची पांढरी चिनीमाती तडकते. दांडी घालून घड्याळाच्या उलट्या दिशेने हळू जोर द्या. पहिल्यांदा "कट्" असा आवाज येऊन सुटतो, तिथे थांबा, पाव फेरा झाला की पाना काढून परत एकदा हवा मारा, कारण वायसरखाली दडलेली माती आता मोकळी झालेली असते. मग पूर्ण काढा. सुटल्यावर प्लग हाताने फिरला पाहिजे.

मधेच कडक लागायला लागला तर जोर करू नका. थोडा आत फिरवा, थोडा बाहेर, असं करत करत आणा. अजिबातच हलत नसेल तर गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर ठेवा. त्यानेही नाही झालं तर चांगल्या मेकॅनिककडे न्या. पान्याला लांब पाइप लावून ताकद काढायची नाही.

प्लग निघाला की भोकावर लगेच स्वच्छ फडकं ठेवा.

५. जुना प्लग फेकायच्या आधी त्याचं तोंड बघा

मला या कामात सगळ्यात जास्त आवडणारा भाग हा. इंजिनच्या आत काय चाललंय हे न उघडता बघायची ही एकच जागा. प्लगचं तोंड उन्हात धरा.

तांबूस, बिस्किटासारखा रंग: सगळं ठीक. कोरडी काळी काजळी, बोट लावलं की बोट काळं होतं: पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर चोंदलाय, किंवा चोक ओढलेला राहतोय. ओला तेलकट काळा: ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघायला लागतील, नुसता प्लग बदलून हे थांबणार नाही. पांढरा फटक, टोकं वितळल्यासारखी: हवा जास्त पेट्रोल कमी, किंवा चुकीच्या नंबरचा गरम प्लग, आणि हे सगळ्यात धोक्याचं कारण यात पिस्टन जातो.

पल्सरवाल्यांना एक जास्तीचा फायदा आहे. दोन्ही प्लग एकाच सिलिंडरमधले, एकच हवा एकच पेट्रोल, त्यामुळे दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा यायला हवा. म्हणून काढताना दोन्ही वेगळे ठेवा, कुठला कुठल्या बाजूचा ते लक्षात राहील असे. एक तांबूस आणि दुसरा काळा ओला निघाला तर तो दुसरा पेटतच नव्हता असं समजायचं. मग दोष प्लगचाच असेल असं नाही. दोन्ही प्लगना वेगवेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) आहे, तेव्हा त्या बाजूची कॅप, वायर किंवा कॉइलही असू शकते. याची तपासणी शेवटी सांगतो.

पॉलिश पेपरने घासून जुना प्लग परत लावायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. रस्त्यात अडलात तर जरूर करा, पण घरी बसून नको, पेपरची रेती चिनीमातीच्या खोबणीत अडकते आणि इलेक्ट्रोडची झिजलेली धार काही परत येत नाही. इरिडियमला तर पेपर किंवा तारेचा ब्रश कधीच लावू नका, त्याचं टोक केसासारखं बारीक असतं.

६. गॅप मोजा

दुकानातून आलेला प्लग बरोबर गॅपचाच असेल असं धरून चालू नका, डबी पडली आपटली की तो बदलतो. पल्सर १५० ला मॅन्युअलप्रमाणे ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात, तुमच्या गाडीचा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. ०.७ ची पट्टी किंचित घासत गेली पाहिजे आणि ०.९ ची जाता कामा नये. कमी-जास्त करायचं असेल तर फक्त वरचा वाकलेला इलेक्ट्रोड हलवायचा: कमी करायला कठीण पृष्ठभागावर हलकेच टेकवून दाबा, वाढवायला पक्कडीने अगदी जरासा उचला. मधल्या इलेक्ट्रोडवर काहीही टेकवून रेटायचं नाही. इरिडियमचा गॅप शक्यतो छेडू नका.

नव्या प्लगच्या डोक्यावर बारीक नट असतो. काही गाड्यांच्या कॅपला तो लागतो, काहींना नाही, जुन्या प्लगवर आहे का ते बघून तसंच करा. ठेवायचा असेल तर पक्कडीने घट्ट करा, तो सैल राहून गाडी मिसिंग करते आणि कारण कुणाला सापडत नाही.

७. नवा प्लग लावा, सुरुवात हातानेच

इथे घाई करू नका. रबरी नळीच्या तुकड्यात प्लगचं डोकं खोचा आणि नळी धरून प्लग भोकात सोडा. आता आधी उलट्या दिशेने, म्हणजे काढायच्या दिशेने, हळूच फिरवा. एका जागी प्लग किंचित खाली बसल्यासारखा जाणवतो, बोटांना बारीकसं "टक्" कळतं. तिथे आट्याचं तोंड आट्याला जुळलेलं असतं. तिथून सरळ दिशेने फिरवायला लागा. जुळला असेल तर नळी दोन बोटांत धरूनही पाच-सहा फेरे लोण्यासारखे जातात. तिरका लागला असेल तर प्लग फिरत नाही, नळीच त्याच्या डोक्यावरून घसरते. नळीची गंमतच ही आहे, तिच्यात आटे मोडण्याएवढी ताकदच नसते. घसरली की प्लग बाहेर काढा, आटे पुसा, परत पहिल्यापासून.

आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. बरेच जण पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून लावतात, पण त्याने प्लग हाताला हलका लागतो आणि आपण नकळत जास्त आवळतो.

८. किती आवळायचा

हाताने पूर्ण बसला, वायसर टेकला, की मग पाना. नव्या प्लगला तिथून अर्धा फेरा. त्या अर्ध्या फेऱ्यात वायसर चेपताना मऊसर लागतो आणि मग एकदम टणक लागतं, तिथे थांबायचं. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वायसर आधीच चेपलेला असतो, त्याला हाताने टेकल्यावर घड्याळाच्या एका तासाएवढाच फेरा पुरे. टॉर्क रेंच असेल तर १० मिमी आट्याला १० ते १२ न्यूटन मीटर. एका हाताने, दांडी मध्याजवळ धरून आवळलंत तर जास्त होत नाही.

सैल ठेवणंही वाईट. सैल प्लगमधून कॉम्प्रेशन लीक होतं, चुक-चुक आवाज येतो, आणि प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नसल्याने तो तापून खराब होतो.

मग कॅप सरळ दाबून बसवा, आत बसल्याचं हाताला कळलं पाहिजे. एका बाजूचं पूर्ण झालं की दुसऱ्या बाजूचं. खोल नळीतल्या प्लगला घाई अजून कमी करा, तिथे दिसत काही नाही, सगळं बोटांच्या अंदाजावर आहे.

९. चालू करून दोन्ही बाजू तपासा

कॉक चालू करा, सेल मारा, दोन मिनिटं आयडलला ठेवा. मग बंद करा आणि एक तपासणी करा जी मी दर वेळी करतो.

एका बाजूची कॅप काढा, तिच्यात आत्ताच काढलेला जुना प्लग खोचा, आणि त्या जुन्या प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकलेलं राहील असं ठेवा, टाकी आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब. आता गाडी फक्त दुसऱ्या प्लगवर आहे. चालू करा. आयडल जरा जड लागेल पण गाडी चालू झाली पाहिजे, म्हणजे तो प्लग कामाचा. बंद करा, कॅप जागेवर, आणि हेच दुसऱ्या बाजूला. ज्या बाजूने चालूच होत नाही त्या बाजूची कॅप, वायर, कॉइल बघायला इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि त्याला नेमकी बाजू सांगा, निम्मं काम वाचतं.

गाडी चालू असताना हाताने कॅप उपटून बघायची पद्धत गॅरेजमध्ये दिसते, ती तुम्ही करू नका. हजारो व्होल्टचा करंट असतो, जबर झटका बसतो, आणि ठिणगीला जायला वाट न मिळाल्याने सीडीआय किंवा कॉइल जाऊ शकते. प्लगचं भोक उघडं असतानाही ठिणगी बघायची नाही, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

सगळं ठीक असेल तर एक चक्कर मारून या, चढ असलेल्या रस्त्याने गेलात तर फरक लगेच कळतो. परत आल्यावर गाडी थंड झाली की कॅप नीट बसल्यात ना एवढं हाताने दाबून बघा. जुन्या दोघांपैकी जो बरा दिसतोय तो फडक्यात गुंडाळून रबरी नळीसकट सीटखाली टूलकिटमध्ये टाका, आणि मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.